उन्हाळ्यातला फ्रिज: कोल्हापुरात लोक मला सारखं विचारतात ते प्रश्न

मार्च संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. शिवाजी पेठेतनं येऊ दे, राजारामपुरीतनं नाहीतर उचगावातनं, सुरुवात एकच असते, "दादा, फ्रिज गार करंना झालाय, गॅस संपला वाटतं." मी फ्रिज दुरुस्तीची कामं करतो आणि माझ्या अनुभवात यातल्या लई कमी घरात खरंच गॅसचा प्रश्न निघतो, बाकी ठिकाणी धूळ, फाटलेलं रबर, भिंतीला चिकटवून ठेवलेला फ्रिज नाहीतर डिम लाइट (कमी व्होल्टेज) असली कारणं असतात. यातलं बरंचसं घरच्या घरी सुटतं. त्यासाठी कुणाचे पैसे जाऊ नयेत म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय.

हिवाळ्यात मस्त चालतो, मग एप्रिल आला की फ्रिजला काय होतं?

फ्रिज गारवा बनवत नाही हे आधी डोक्यात बसवा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळतं. फ्रिज आतली उष्णता उचलतो आणि बाहेर तुमच्या स्वयंपाकघरात टाकतो, एवढंच त्याचं काम. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबला की गॅस तापतो, तो मागच्या जाळीतनं फिरताना उष्णता बाहेर सोडतो आणि पातळ होतो, मग कॅपिलरी नावाच्या एकदम बारीक नळीतनं फ्रीजरच्या कॉइलमध्ये जातो आणि तिथं त्याची परत वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतो, असं चक्र चालू.

आता जानेवारीत स्वयंपाकघर गार असतं तेव्हा ती उष्णता बाहेर टाकायला सोपं जातं. एप्रिलमध्ये आपल्याकडं बाहेरच ३७-३८ अंश, एखाद्या दिवशी ४० च्या आसपास, त्यात वर पत्रा नाहीतर तापलेला स्लॅब आणि शेजारी शेगडी पेटलेली. भरलेली घागर सपाटीवरनं नेणं आणि तीच घागर चढावर नेणं यात जेवढा फरक आहे तेवढा फरक पडतो. म्हणून उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जास्त वेळ चालला तर घाबरू नका, ते साहजिक आहे. फक्त दिवसरात्र एकदाही बंद न होता चालत असेल आणि तरी आत गार होत नसेल तर मग बघायला पाहिजे.

फ्रिजच्या मागं किंवा आत एक स्टिकर असतो, त्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. 'टी' असेल तर तो ४३ अंशापर्यंतच्या हवेत काम करायला बनवलाय, 'एसटी' असेल तर ३८ पर्यंत आणि 'एन' असेल तर ३२ पर्यंतच. कुणी बाहेरच्या देशातनं आणलेला किंवा सेकंडहँड फ्रिज घेत असाल तर हे अक्षर जरूर बघा.

नंबर किती ठेवायचा? आम्ही उन्हाळ्यात डायरेक्ट ७ वर टाकतो.

७ वर टाकू नका. नॉबवरचा नंबर म्हणजे अंश नव्हेत, जेवढा नंबर मोठा तेवढं जास्त कूलिंग एवढाच त्याचा अर्थ. उन्हाळ्यात मधल्यापेक्षा थोडा वर, म्हणजे ७ पर्यंतचा नॉब असेल तर ४-५, एवढं बहुतेक घरात पुरतं. एकदम टोकाला नेला तर कॉम्प्रेसरला विश्रांतीच मिळत नाही, फ्रीजरमध्ये बर्फाचे थर चढतात आणि त्या बर्फामुळं उलट कूलिंग कमी होतं, मग लोक म्हणतात ७ वर असून गार नाही!

खरं मोजायचं असेल तर एक साधा फ्रिजचा थर्मामीटर आणा, पाण्याच्या ग्लासात घालून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या बघा. खालच्या कप्प्यात ४ अंशाच्या आसपास किंवा खाली, आणि डबल डोअर असेल तर फ्रीजरमध्ये उणे १८ हे बरोबर. ५ अंशाच्या वर गेलं की अन्नातले जंतू भराभर वाढायला लागतात, त्यामुळं हा आकडा नुसता पाणी गार लागतंय का यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

मेकॅनिक म्हणाला गॅस संपलाय. दरवर्षी गॅस भरायला लागतो का?

नाही. या एका प्रश्नासाठी हे सगळं लिहायला बसलो असं म्हटलं तरी चालेल.

फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही, वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो आणि नळ्या शाबूत असतील तर फ्रिजच्या आख्ख्या आयुष्यात एकदाही भरावा लागत नाही. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठंतरी लीक आहे. मग जो माणूस लीक न शोधता नुसता गॅस मारून देतो त्याचं काम महिना-दोन महिन्यात परत बाहेर येणार आणि तुम्ही परत पैसे देणार. मंगळवार पेठेत एका आजींच्या घरी गेलो होतो, त्यांनी दोन उन्हाळे लागोपाठ गॅस भरून घेतला होता, आणि मी बघितलं तर फ्रिज दोन्ही बाजूंनी कपाटात असा बसवलेला की हात घालायला जागा नाही आणि मागच्या जाळीवर बोटभर धूळ. जाळी साफ केली, फ्रिज पुढं ओढला, दुसऱ्या दिवशी आजींचा फोन, ताक गार झालंय म्हणून. आजींनी भरलेल्या पैशाचं मला अजून वाईट वाटतं.

खरंच गॅस गेला असेल तर खुणा वेगळ्या असतात. कॉम्प्रेसर चालू, हाताला थरथर जाणवतेय, पण जाळी किंवा बाजू अजिबात तापत नाही आणि फ्रीजरमध्ये कुठंतरी एका कोपऱ्यातच थोडा बर्फ, बाकी सगळं कोरडं. जोडाच्या जागी तेलकट डाग दिसला तर तिथं लीक असण्याची शक्यता मोठी, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल पण थोडं बाहेर येतं. मात्र नळी चोक झाली असेल किंवा कॉम्प्रेसरच दाब धरत नसेल तरी वरवर असंच दिसतं, त्यामुळं तपासल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू नये.

गॅस भरायची वेळ आलीच तर मेकॅनिकला चार गोष्टी विचारा, विचारायला लाजू नका. लीक कुठं सापडलं ते दाखवणार का, नायट्रोजननं प्रेशर टेस्ट करणार का, फिल्टर ड्रायर (नळीतला ओलावा-कचरा धरणारा भाग) नवीन टाकणार का, आणि गॅस भरायच्या आधी नळ्यांतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावणार का. चांगलं काम करणारा माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. आणि फ्रिजच्या स्टिकरवर जो गॅस लिहिलाय तोच आणि तेवढाच ग्रॅम भरायचा. जास्त फ्रिजमध्ये आता आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो थोड्याच ग्रॅममध्ये काम करतो पण तो पेट घेणारा आहे, म्हणून बंद खोलीत, शेगडी चालू असताना, नळीत गॅस असतानाच कुणी वेल्डिंगची बत्ती लावत असेल तर तिथंच थांबवा. आर-१३४ए या दुसऱ्या गॅसवाल्या फ्रिजमध्ये आर-६००ए किंवा उलट असा खेळ पण करू देऊ नका.

भिंतीपासून किती लांब ठेवायचा?

मागं निदान चार बोटं, जमलं तर वीतभर. बाजूला दोन-तीन बोटं आणि वरती पण मोकळं. कंपनीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो, पुस्तक हरवलं नसेल तर तो पाळा. आपल्याकडं नवीन फ्लॅटमध्ये फर्निचर करताना फ्रिजच्या मापाची खोबण बनवतात, दिसायला झ्याक दिसतं पण सगळी गरम हवा तिथंच कोंडते आणि फ्रिज आपलीच उष्णता परत परत गिळत बसतो. सुताराला आधीच सांगा, फ्रिजच्या मागं आणि वर हवा निघायला जागा सोड म्हणून.

शेगडीला चिकटून नको, पश्चिमेच्या खिडकीचं ऊन अंगावर येईल असा नको. वरती कापडाचं कव्हर घालून त्यावर देवाचे फोटो, चटणीच्या बरण्या, मिक्सर असं रचून ठेवलेलं मी रोज बघतो. वरचं सामान एक वेळ चालेल, पण बाजूनं खाली लोंबणारं कव्हर उन्हाळ्यात तरी काढून ठेवा.

फ्रिजच्या दोन्ही बाजू हाताला चटका बसेल एवढ्या तापतात. जळणार तर नाही ना?

नाही जळणार. मागं काळी जाळी दिसत नसेल तर तुमच्या फ्रिजचं कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी नळी, बाजूच्या पत्र्याच्या आत आहे, त्यामुळं बाजू तापणं म्हणजे फ्रिज काम करतोय. डबल डोअरमध्ये दोन दारांच्या मधली पट्टी पण गरम लागते, तिथं घाम धरू नये म्हणून गरम नळी मुद्दाम फिरवलेली असते. असल्या फ्रिजच्या बाजूला भिंत किंवा कपाट चिकटवायचं नाही, बास.

जाळी कशी साफ करायची?

प्लग काढून. मग मऊ ब्रशनं किंवा जुन्या कुंचल्यानं वरनं खाली झटकायची, पाणी मारायचं नाही. आपल्या घरात फोडण्या, मटणाचा रस्सा, उन्हाळ्यात चटणीसाठी मिरची-मसाला भाजणं, या सगळ्याचा तेलकट धूर उडतो आणि त्यावर धूळ बसली की तिचं नुसतं कांबळं तयार होतं, झटकून निघत नाही. मग ओलसर कापडाला थोडी भांड्याची साबण लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. वर्षातनं दोनदा पुरे, एकदा होळीच्या सुमारास आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. रस्त्याकडेला घर असेल तर जास्त वेळा.

मागं गेलाच आहात तर वायर पण बघून घ्या, उंदरानं कुरतडलेली वायर मला वरचेवर सापडते.

दाराचं रबर खराब झालंय हे कसं ओळखायचं?

दहाची नोट दारात अर्धी आत अर्धी बाहेर अशी धरून दार लावा आणि ओढा. नोट लोण्यातनं सुरी निघावी तशी आली तर त्या जागी रबर धरत नाही. असं चारही बाजूंनी बघायचं, बिजागरीकडच्या बाजूला तर नक्कीच. दुसरं म्हणजे रात्री दिवे बंद करून मोबाईलची बॅटरी चालू करून आत ठेवा आणि दार लावा, कुठनं उजेड झिरपतो ते दिसतं.

बऱ्याचदा रबर चांगलं असतं, फक्त खाचांमध्ये दूध सांडून चिकट झालेलं, नाहीतर काळी बुरशी धरलेली. कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशनं घासा. दबलेलं असेल तर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं शेकून हातानं फुलवा, हेअर ड्रायर असेल तर अजून सोपं. फाटलं असेल तर मात्र बदला. त्याचा खर्च गॅस चार्जिंगच्या मानानं लई कमी असतो आणि फरक त्याच दिवशी दिसतो. नवीन घेताना मॉडेल नंबर घेऊन जा, अंदाजानं आणलेलं रबर कोपऱ्यात बसत नाही.

फ्रिज पुढं झुकलेला असला तरी दार आपोआप लागत नाही. पुढचे पाय थोडे फिरवून किंचित मागं कललेला ठेवा.

सिंगल डोअर आहे. बर्फ एवढा साठतो की ट्रे निघत नाही, सुरीनं खरवडला तर चालेल ना?

सुरी, उलथणं, स्क्रू ड्रायव्हर काहीही लावू नका, हात जोडून सांगतो. फ्रीजरचा तो पत्रा पातळ अॅल्युमिनियमचा असतो आणि त्याच्या आतनंच गॅस फिरतो, एक टोचा लागला की सूं करून सगळा गॅस बाहेर. मग दुरुस्तीचा खर्च ऐकून लोक नवीन फ्रिज घ्यायच्या गोष्टी करतात. उन्हाळी सुट्टीत पोरं बर्फासाठी असले उद्योग करतात, त्यांना पण सांगून ठेवा.

बर्फ अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड झाला की डिफ्रॉस्ट करा. नॉबच्या मधलं बटण रात्री झोपताना दाबायचं, सकाळपर्यंत बर्फ सुटतो. घाई असेल तर प्लग काढा, दार उघडा, फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं जाड फडक्यावर ठेवा. दूध-भाज्या तेवढ्या वेळ जाड गोधडीत गुंडाळून ठेवल्या तर गार राहतात.

बर्फ लवकर साठतो कारण आत दमट हवा जाते. रबर सैल, सारखं दार उघडणं, उघडी आमटी, ओल्या धुतलेल्या भाज्या. सगळं झाकून ठेवा, भाजी निथळून पुसून ठेवा, पंधरा दिवसाला होणारं डिफ्रॉस्ट महिन्यावर जाईल.

डबल डोअर आहे, वर बर्फ होतोय पण खाली दूध नासतंय. हे काय?

हे उन्हाळ्यात लई येतं. बहुतेक फ्रॉस्ट फ्री (आपोआप बर्फ वितळवणाऱ्या) फ्रिजमध्ये कॉइल एकच, वर फ्रीजरच्या पाठीमागं, आणि पंख्यानं गार हवा खाली ढकलली जाते. ती हवा अडली की वर गार, खाली गरम. आधी सोपं बघा, वर किंवा खाली हवेच्या झरोक्यासमोर पिशव्या कोंबल्यात का? कोंबल्या असतील तर हलवा आणि एक दिवस वाट बघा.

तरी होत नसेल तर कॉइलवर बर्फाची भिंत झाली असणार. या फ्रिजमध्ये ठराविक वेळानं एक हीटर लागतो आणि कॉइलवरचं दव वितळवतो, त्यातला हीटर किंवा त्याचा सेन्सर नाहीतर टायमर गेला की बर्फ साठतच जातो. घरी एक चाचणी करता येते. सगळं काढून प्लग बंद करून दोन्ही दारं उघडी टाकून पूर्ण एक दिवस ठेवायचा, खाली फडकी पसरून. परत चालू केल्यावर फ्रिज झकास चालला आणि चार-आठ दिवसात परत तेच सुरू झालं तर डिफ्रॉस्टचाच फॉल्ट आहे, गॅसचा नाही. मेकॅनिकला हे असंच्या असं सांगा, त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसे.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर मागच्या भिंतीतलं पाणी जायचं भोक बुजलेलं असतं. प्लग काढून सिरिंजनं कोमट पाणी सोडा, मोकळं होतं.

लाइट सारखी जाते-येते, स्टॅबिलायझर घ्यावा का?

आधी व्होल्टेज कळायला पाहिजे. घरात २३० व्होल्ट येणं अपेक्षित आहे, पण उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी, कूलर आणि गावाकडं शेतीच्या मोटारी एकदम चालू असल्या की लाइनच्या शेवटच्या घराला डिम लाइट मिळते. १७०-१८० च्या खाली गेलं की साध्या कॉम्प्रेसरला स्टार्ट घेणं जड जातं, तो गुरगुरतो, तापतो आणि ओव्हरलोड नावाचा सुरक्षेचा स्विच त्याला बंद करतो. असं असेल तर स्टॅबिलायझर घ्याच. नवीन इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा (गरजेप्रमाणं वेग कमी-जास्त करणारा, घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही) फ्रिज असेल तर पुस्तकात व्होल्टेजची रेंज लिहिलेली असते, तुमच्या घरचं व्होल्टेज त्यात बसत असेल तर वेगळा घ्यायची गरज नाही.

आणि वळीव! एप्रिल-मे मध्ये चार वाजता ढग भरून येतात, वारं सुटतं, विजा कडाडतात, लाइट गेली-आली गेली-आली असं चार वेळा होतं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन येतात. विजांचा आवाज यायला लागला की फ्रिजचा प्लगच काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लाइट परत आली की लगेच चालू करू नका, पाच-दहा मिनिटं थांबा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर नळ्यांतला दाब समान व्हायला तीन-चार मिनिटं लागतात, त्याच्या आत स्टार्ट केला तर तो अडकतो आणि करंट लई खेचतो.

लाइट गेली तर आतलं किती वेळ टिकतं?

दार न उघडल्यास खालच्या कप्प्यातलं साधारण चार तास. डबल डोअरचा फ्रीजर गच्च भरलेला असेल तर दोन दिवसांपर्यंत, अर्धा भरलेला असेल तर एक दिवस, असा सर्वसाधारण हिशोब सांगतात. आपल्या तापलेल्या स्वयंपाकघरात आणि सिंगल डोअरच्या छोट्या फ्रीजरमध्ये त्यापेक्षा कमीच धरा. फ्रीजरमध्ये रिकामी जागा असेल तर प्लॅस्टिकच्या बाटल्यांत पाणी भरून गोठवून ठेवा, गळ्यापर्यंत भरू नका कारण बर्फ फुगतो. लाइट गेली की त्यातल्या दोन बाटल्या खाली दुधाशेजारी ठेवायच्या.

दर दहा मिनिटांनी उघडून "गार आहे का अजून" बघणं बंद करा, त्यानंच गारवा जातो.

घरच्या इन्व्हर्टरवर फ्रिज चालेल का?

पंखे-दिव्यांसाठी घेतलेल्या साध्या इन्व्हर्टरवर नको. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट करंट घेतो, आणि स्क्वेअर वेव्हचा (ओबडधोबड वीज देणारा) इन्व्हर्टर असेल तर कॉम्प्रेसर तापतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज आणि साइन वेव्ह (घरच्या लाइनसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर अशी जोडी असेल तर जमतं, तरी बॅटरी किती तास पुरेल ते इलेक्ट्रिशियनकडनं काढून घ्या.

गरम जेवण डायरेक्ट फ्रिजमध्ये ठेवलं तर?

चुलीवरनं उतरवलेलं पातेलं ठेवायचं नाही, त्याच्या वाफेनं सगळा फ्रिज घामाघूम होतो. पण उलटी चूक जास्त धोक्याची आहे. रविवारी दुपारी मटण केलं, तांबडा-पांढरा उरला आणि तो संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिला तर ३५ अंशात तो खराब होणारच, वास आला नाही तरी. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासाच्या वर नको आणि ३२ अंशाच्या वर गर्मी असेल तर एक तास धरा. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा, किंवा लहान उथळ डब्यांत काढा, अर्ध्या तासात कोमट होतं, मग झाकण लावून आत. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, त्याला तर अजिबात वेळ देऊ नका.

कच्चं मटण एका वेळेला लागेल तेवढ्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये, आणि वापरायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा. ओट्यावर वितळवू नका. वितळलेलं परत गोठवू पण नका.

दूध, आंबे, चटणी, काय कुठं ठेवायचं?

दूध दारातल्या कप्प्यात नको, दार उघडलं की सगळ्यात आधी तोच कप्पा तापतो. आतल्या बाजूला ठेवा. कट्ट्यावरनं (म्हशीचं दूध समोर काढून देतात तिथनं) आणलेलं धारोष्ण दूध घरी येताच उकळून, गार करून मगच. दारात सॉस, लोणचं, पाण्याच्या बाटल्या.

आंबा पिकेपर्यंत बाहेर, गवतात नाहीतर पेटीतच. कच्चा आंबा फ्रिजमध्ये घातला की नीट पिकत नाही, चव मरते. पिकल्यावर मग ठेवा. कांदा, बटाटा, लसूण बाहेर हवेशीर टोपलीत. वर्षाची कांदा-लसूण चटणी बरणीत कोरड्या चमच्यानं वापरली तर बाहेर टिकते, ओला खर्डा मात्र आत. गूळ घट्ट डब्यात बाहेर.

मळलेली कणीक एक दिवसाच्या वर नको.

जोतिबाच्या यात्रेला पाहुणे येतात, फ्रिज गच्च भरतो आणि काहीच गार होत नाही.

चैत्र पौर्णिमा नेमकी गर्मीत येते, घरात वीस माणसं, दार मिनिटाला उघडतंय आणि आत पातेल्यावर पातेलं. अशावेळी खालच्या कप्प्यात हवा फिरायला जागा ठेवणं हाच उपाय आहे. फ्रीजर भरलेला चालतो, उलट चांगला, पण खालचा भाग पाऊण भरला की थांबा. पाण्याच्या बाटल्या बाहेर काढा, त्यांनीच निम्मी जागा आणि निम्मी दारउघड होते. पिण्याच्या पाण्याला माठ भरा. गंगावेशीच्या नाहीतर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं दोन माठ आणले तर फ्रिजवरचा ताण लगेच कमी होतो. एप्रिलमधल्या कोरड्या हवेत माठातनं पाणी झिरपून उडत राहतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून गार होतं. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच माठ तेवढं गार करत नाही.

भाज्या, लिंबं, मिरच्या एक दिवस ओल्या पोत्याखाली टोपलीत राहतात. ज्या वस्तू खरंच नासतात, म्हणजे दूध, दही, मटण, त्यांनाच त्या दिवशी फ्रिज द्या.

रात्री फ्रिज बंद ठेवला तर बिल कमी येतं का?

नाही. सकाळी सगळं परत गार करायला जवळजवळ तेवढीच वीज जाते आणि मधल्या वेळात अन्न तापतं ते वेगळंच. बिल कमी करायचं तर जाळी, रबर, जागा आणि झाकणं या चार गोष्टी करा.

मागच्या ट्रेमध्ये पाणी असतं ते काढायचं का?

आठवड्यातनं एकदा जरूर काढा आणि ट्रे घासून पुसा. कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं ते पाणी उडून जायला पाहिजे, पण बर्‍याच वेळा साचून राहतं आणि त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. पाण्याची टाकी, कुंड्या सगळे बघतात, फ्रिजचा ट्रे कुणाच्या लक्षात येत नाही.

टक् आवाज येतो आणि बंद, परत टक्...

दर थोड्या वेळानं टक् होतंय आणि कॉम्प्रेसर चालूच होत नसेल तर लगेच प्लग काढा. व्होल्टेज कमी आहे, किंवा रिले (कॉम्प्रेसरला स्टार्ट देणारा भाग) नाहीतर ओव्हरलोड गेलाय, किंवा कॉम्प्रेसर जाम आहे. तसाच टकटकत ठेवला तर स्वस्तातलं काम महागात जातं. गुळगुळ, झुळझुळ आवाज मात्र गॅस फिरण्याचा असतो, तो राहू दे.

दाराला हात लावला की मुंग्या येतात.

प्लग काढा आणि अर्थिंग तपासल्याशिवाय लावू नका. तिसरी पिन तोडून टू-पिनमध्ये घातलेले फ्रिज मी बघितलेत, घरात अनवाणी लहान पोरं फिरतात हो! फ्रिजला स्वतंत्र थ्री-पिन सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड नको, त्याच बोर्डावर मिक्सर-ओव्हन नको.

वीस वर्षांचा फ्रिज आहे, बदलू का ठेवू?

रबर, रिले, थर्मोस्टॅट, फॅन असली कामं असतील तर करून घ्या, जुने कॉम्प्रेसर दमदार असतात. कॉम्प्रेसर गेला किंवा भिंतीच्या आतली नळी लीक असेल तर त्यावर पैसे घालू नका. आर-१२ गॅसचा अगदी जुना असेल तरी तेच, तो गॅस ओझोनच्या थराला मारक म्हणून भारतात २०१० पासून बंद झालाय. नवा घेताना नुसते स्टार मोजू नका, लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते लिहिलेलं असतं, तो आकडा बघा, आणि लेबल कुठल्या सालाचं आहे ते पण, कारण स्टारचे नियम मधून मधून कडक होतात, जुन्या सालातले पाच स्टार म्हणजे आजचे पाच स्टार नव्हेत.

मे महिन्यात घर बदलतोय, फ्रिज टेम्पोत आडवा टाकला तर?

उभाच न्या. नाईलाजानं आडवा नेला तर नवीन घरी उभा करून निदान चार-पाच तास, जमलं तर रात्रभर तसाच ठेवा म्हणजे नळ्यांत गेलेलं तेल कॉम्प्रेसरमध्ये परत येतं. मग रिकामाच चालू करा, दोन-तीन तासांनी आत हात घालून बघा, गार लागला की दूध ठेवा.